एक दार लावण्यासाठी

आसनगाव

माहुलीच्या सुळक्यांना मी लहानपणापासून ओळखत होते. पण ते आर्मेनियन लोकांच्या हरवलेल्या मुलखात उभे आहेत, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. आनूशने ते मला आसनगाव स्थानकाच्या पुलावर सांगितले. मे महिन्यातली सकाळ होती. पुलाचा लोखंडी कठडा हाताला चटका देत होता, खाली कुणीतरी करवंदांची पाटी उतरवली होती आणि तिचा आंबट, चिकट वास वर येत होता. आनूशने पिशवीतून चौपदरी घडीचा एक कागद काढला, उलगडला आणि आकाशासमोर धरला. कागदावर पेन्सिलीने काढलेला डोंगर होता, तीन दातांचा. मग तिने कागद हळूच खाली घेतला. मागे माहुली होती, तीन दातांची.

"माझ्या आजीचा डोंगर," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "रंगसुद्धा तोच आहे."

रंग आमच्या वाळलेल्या गवताचा होता. पावसाळ्यानंतर ती आली असती तर तिला तिथे हिरव्या मखमलीखेरीज काही सापडले नसते आणि हे प्रवासवर्णनही लिहिले गेले नसते.

मी ठाण्याच्या एका महाविद्यालयात फ्रेंच शिकवते आणि कविता लिहिते. या दोन्हींपैकी कशाचीही निकड शहापूर तालुक्याला कधी भासली नव्हती. नव्वदचे दशक संपता संपता ती एकाएकी भासली. आनूश मार्सेयला राहणारी, पन्नाशीची, माहितीपट करणारी बाई. तिची आजी नऊ वर्षांची असताना, पहिल्या महायुद्धाच्या काळात, तुर्कांच्या साम्राज्यातल्या आपल्या गावातून हाकलली गेली होती. गावातल्या सगळ्या आर्मेनियन माणसांना शिपायांनी रस्त्याला लावले आणि वाळवंटाच्या दिशेने चालवत नेले. बहुतेक जण वाटेतच मेले. आजी जगली, म्हातारी झाली आणि मरण्यापूर्वी तिने हे सगळे ध्वनिफितींवर सांगून ठेवले. त्या चालण्याचे एकही छायाचित्र नाही. त्या गावात जाऊन चित्रीकरण करण्याची परवानगी आनूशला दोनदा नाकारली गेली होती. कारण तिथल्या कागदोपत्री त्या रस्त्याने कुणी चाललेच नव्हते.

मग तिला एक आगगाडी आठवली. कोलकात्यात आर्मेनियन लोकांची एक छोटी, जुनी वस्ती आहे. तिथल्या मावशीला भेटायला जाताना मुंबईहून निघालेल्या गाडीच्या खिडकीतून तिने आसनगाव आणि आटगावच्या मध्ये कुठेतरी हा डोंगर पाहिला होता. त्या वेळी तिने खाणे थांबवले होते, असे ती म्हणाली. हातातल्या वड्याचे पुढे काय झाले ते तिला आठवत नव्हते.

बोरपाडा

बोरपाडा हे माहुलीच्या पायथ्याचे गाव. आमच्या जीपने गावात प्रवेश केला तेव्हा वेशीवर नारळ फोडला गेला आणि त्याचे पाणी कॅमेऱ्याच्या पेटीवर शिंपडण्यात आले. आमचे कॅमेरामन पाध्ये हे मुंबईचे, कायम खिन्न असणारे गृहस्थ. ते पेटी पुसत म्हणाले, "सुरुवात ओली झाली." पुढच्या पाच दिवसांत आमच्यावर किती पाणी येणार आहे, याची त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती. मला तर नव्हतीच, कारण बोरपाड्यात पाणी नव्हते. विहिरीच्या तळाशी चहाच्या रंगाचा एक डोळा तेवढा उरला होता आणि दर तिसऱ्या दिवशी टँकर येत असे. टेकडीपलीकडे धरण तुडुंब होते. त्याचे पाणी मोठ्या जलवाहिनीतून मुंबईला जाई. जलवाहिनीला कान लावला की ते जाताना ऐकू येते, असे मला बायकांनी कौतुकाने सांगितले.

आम्ही उतरलो सुगंधाबाईंच्या घरी. वय पन्नाशीच्या आसपास, हाताची बोटे भात लावून लावून टोकाला रुंद झालेली, चालणे झपाट्याचे. आनूशला त्यांनी पहिल्याच तासात अनुसयाबाई केले आणि तिच्यापुढे तांदळाची भाकरी, भाजलेला बोंबील आणि कैरीची चटणी ठेवली. आनूशने भाकरी दोन्ही हातांनी उचलून तिचा वास घेतला. आपल्याकडचा रोट इतकाच पातळ असतो, पण तो भिंतीवर थापून भाजतात, असे ती म्हणाली. मी ते मराठीत सांगितल्यावर सुगंधाबाई भिंतीकडे काही वेळ विचारपूर्वक पाहत राहिल्या.

"मंग भिंत कोन सारवीत असंल गो त्यांची?" त्या म्हणाल्या.

फिल्मचे डबे उन्हाने खराब होतात. गावात सर्वांत थंड जागा म्हणजे भाताची कणगी. म्हणून सहाच्या सहा डबे भातात पुरून ठेवले. त्या चित्रपटाला अजून, निदान माझ्या नाकाला, कोलम तांदळाचा वास येतो.

आनूशला हवे होते एका गावाचे दृश्य: चालून चालून थकलेली आर्मेनियन माणसे एका दारासमोर येतात आणि दार बंद होते. सुगंधाबाईंचे घर तिला पसंत पडले. मग हळूहळू त्या घरातले एकेक काही नापसंत पडू लागले. छप्पर कौलारू, तिकडे सपाट. म्हणून पाध्यांनी छप्पर चौकटीबाहेर ठेवले. अंगणातला आंबा तिकडे होत नाही, तोही गेला. अँटेना गेली. दारावरचे तोरण काढले. तुळशीवृंदावन हलवता येईना, म्हणून त्यावर पेंढ्याची रास रचली. दुसऱ्या दिवसापासून सुगंधाबाई सकाळी पेंढ्याला पाणी घालून नमस्कार करू लागल्या. असे करता करता अखेर चौकटीत काहीच उरले नाही. उरले फक्त दार. जुन्या सागाचे, दोन फळ्यांचे, हातांच्या घामाने कडीपाशी काळे झालेले.

"पुरे आहे," आनूश म्हणाली. "मी एवढ्यासाठीच आले आहे."

मुरबाडचा माळ

चालणाऱ्या बायकांसाठी काळे झगे हवे होते. मुरबाडच्या शिंप्याने दोन दिवसांत चाळीस झगे शिवून देण्याचे कबूल केले आणि दिलेही; मात्र इतके काळे कापड त्याच्याकडे एकाच प्रकारचे होते, छत्रीचे. उन्हात ते कावळ्याच्या पाठीसारखे चमकत होते. अंगात घातल्यावर आत भट्टी पेटे. चालताना चाळीस छत्र्या एकदम मिटल्यासारखा फडफडाट होई. आनूशने दोन्ही हातांत डोके धरले, मग वर पाहिले आणि म्हणाली, "आवाज नंतर काढून टाकू."

शिपायाच्या भूमिकेसाठी खाकी कपडे असलेला माणूस गावात एकच होता: नाना कंडक्टर. एस.टी.तून निवृत्त झालेले, पोटाला घट्ट झालेला गणवेश इस्त्री करून जपून ठेवलेला. त्यांना काय करायचे ते मी समजावले. तुम्ही क्रूर आहात, नाना. या बायकांना तुम्ही उन्हातून हाकत नेता. थांबू देत नाही.

"जमेल," नाना म्हणाले. "तीस वर्षं तेच केलं."

मुरबाडच्या पुढे, घाटाकडच्या रस्त्याला लागून एक उघडा माळ आहे. माती तांबूस, गवत जळलेले, क्षितिजावर सह्याद्रीची निळी भिंत. तिथे चाळीस काळ्या बायका रांगेने चालू लागल्या आणि मी, त्या छत्रीच्या कापडाकडे पाहत असूनही, ते कापड विसरले. तेवढ्यात नानांचा आवाज माळावर घुमला.

"चला, पुढे सरका. पुढे जागा आहे. मध्ये थांबू नका, मागच्यांना येऊ द्या. आजी, हात द्या, खड्डा आहे."

"काय म्हणतोय तो?" आनूशने विचारले.

मी भाषांतर केले. दुभाषाने खोटे बोलू नये, हा माझा नियम आहे. पण त्या क्षणी तो पाळणे जड गेले.

दुसऱ्यांदा नाना गप्प राहिले. रांग छान निघाली. माती उडत होती, पाध्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधानासारखे काही दिसले. मग वळणावरून कल्याणकडे जाणारी एस.टी. आली. ती वेग कमी करत करत नेमकी रांगेपाशी थांबली, कारण चालकाने नानांना ओळखले होते.

"मास्तर, एवढा लेडीज घेऊन उन्हात कुठं?" त्याने खिडकीतून विचारले.

"शूटिंग आहे. चालायचं आहे यांना."

"चालायचं? म्हाताऱ्या माणसांना? बसवा की. सरळगावला सोडतो."

बायकांनी नानांकडे पाहिले. नानांनी आनूशकडे पाहिले. पण तीस वर्षांची सवय हाताला असते. तो हात आपोआप दाराकडे गेला आणि नानांनी दार उघडून धरले. चाळीसपैकी एकोणतीस आर्मेनियन बसमध्ये चढल्या. उरलेल्यांना जागा मिळाली नाही. बस निघून गेली. धूळ बसली. पाध्ये म्हणाले, "हे रीळ गेलं." आनूश रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि तिचे खांदे हलू लागले. मी घाबरून जवळ गेले. ती हसत होती. मग हसत नव्हती. "माझी आजी," ती डोळे पुसत म्हणाली, "आजीसाठी कुणीतरी अशी गाडी थांबवायला हवी होती."

ती एवढेच म्हणाली. आम्ही सरळगावला जाऊन बायकांना परत आणले. त्या वडापाव खात, झगे कमरेला खोचून आमची वाट पाहत होत्या.

दार

माळावरचे चालणे कसेबसे मिळाले. दार मात्र मिळेना.

पहिल्या वेळी सगळे व्यवस्थित झाले. बायका अंगणात आल्या. सुगंधाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ठरल्याप्रमाणे दार आपटून बंद केले. पाध्यांनी मान हलवली. आणि दार पुन्हा उघडले. सुगंधाबाई पाण्याचा तांब्या आणि वाटीत गूळ घेऊन बाहेर आल्या.

"सुगंधाबाई, दार लावायचं होतं ना?"

"लावला ना. सांगितला तसा लावला. मंग पानी आनला."

"पण पाणी द्यायचं नाहीये."

"दार लावला, ता तुमचा काम झाला, ताई. पानी दिला, ता माझा. उनातून आलेल्या मानसाला गूळपानी नाय द्यायचा, असा कसा व्हईल?"

"अहो, पण या तुमच्याच गावातल्या बायका आहेत. आत्ताच तुमच्याकडे चहा पिऊन गेल्या."

"मंग तं दिलाच पायजे."

दुसऱ्या वेळी त्यांनी तुळशीची, म्हणजे पेंढ्याची, शपथ घेऊन दार बंदच ठेवले. शेजारच्या जावेने मागच्या खिडकीतून कळशी बाहेर काढली आणि भिंतीला वळसा घालून ती चौकटीत शिरली. तिसऱ्या वेळी आनूशने दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली खिशात घातली. बायका आल्या, त्यांनी कुलूप पाहिले. एकीने शेजारणीला सांगितले, "सुगंधी घरी नाय वाटतं," आणि सगळ्या जणी ओटीवर टेकून, पानाच्या पिशव्या सोडून, तिची वाट पाहू लागल्या. पंधरा मिनिटांनी पाध्यांनी कॅमेऱ्यावर कापड टाकले. चौथ्या वेळी पाणी कुणीच आणले नाही. दार बंद राहिले, बायका उभ्या राहिल्या. आणि खुद्द शिपायाने पुढे होऊन दारावर थाप मारली.

"वहिनी, पाणी द्या. मंडळी फार तापलीत."

त्या दिवशी टँकर येऊन गेला नव्हता. घरात दोन हंडे पाणी होते आणि त्यातले एक आमच्या चित्रीकरणात संपले होते. संध्याकाळी आनूशने मला बाजूला घेतले. उन्हाने तिचे ओठ फुटले होते.

"यांना वाटते की मी निर्दय आहे," ती म्हणाली. "तू त्यांना समजावून सांग. जे म्हणतात की त्या रस्त्याने कुणी चालले नाही, तेच उद्या हा चित्रपट पाहतील. त्यात एक तांब्या पाणी दिसले, तर म्हणतील, पाहा, यांना तर पाणी मिळत होते. ते पाणी माझ्या आजीच्या विरुद्ध साक्ष देईल. शेवटी शेवटी ती सगळे विसरली, पण ते दार नाही. मला दुसरे काही मिळाले नाही तरी चालेल. ते दार हवे."

एकच डबा उरला होता, दहाएक मिनिटांचा. परवा तिचे विमान होते.

मी गावाला जांभळाखाली बसवून समजावले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड व्याख्यान. सर्व ऐकून झाल्यावर सुगंधाबाईंनी विचारले, "त्यांनी केला काय व्हता?"

"काही नाही."

"काय तरी असंल."

"बांध कोरला असंल," मागून एक म्हातारा म्हणाला.

"नाही. बांधावरून नाही."

"मंग पान्यावरून."

"पाण्यावरूनही नाही."

"इलेक्शन?" नानांनी विचारले.

मी आनूशकडे पाहिले. तिने विचारले, काय चालले आहे. मी सांगितले, हे कारण शोधत आहेत. ती म्हणाली, "त्यांना सांग, आम्हीही शोधत आहोत."

"पन ती गाववाली कोन व्हती, दारं लावनारी?" सुगंधाबाईंनी विचारले. "भायेरची?"

"नाही. शेजारीच. एका विहिरीचं पाणी पिणारी."

जांभळाचे एक पिकले फळ पडले आणि जमिनीवर जांभळी शाई उमटली.

शेवटचा डबा

शेवटच्या सकाळी सगळे अंगणात जमले. आनूशने सुगंधाबाईंना पुन्हा अभिनय करून दाखवला: असे, जोरात, धाडकन. दाराचा आवाज माहुलीपर्यंत गेला. सुगंधाबाई हातात तांब्या धरून पाहत होत्या. तो हातातून काढून घेण्याचा विचार आम्ही केव्हाच सोडला होता.

"आपटीत नाय गो कोनी दार."

हे बोलली बुधी. कातकरी वाडीवरची म्हातारी, चाळीस बायकांमध्ये सर्वांत शेवटी चालणारी, कारण तिचे गुडघे धड नव्हते. पाच दिवसांत ती प्रथमच बोलत होती. छत्रीचा झगा अंगावर, जांभळाच्या बुंध्याला पाठ टेकलेली.

"अनुसयाबाई आपटाया सांगतं, मनून जमत नाय या लोकांना," ती म्हणाली. "दार हलू लावतान. कडी हातात धरून लावतान, आवाज भायेर जाऊ नये मनून. मंग आतला मानूस जात नाय, तितंच उबा ऱ्हातो. त्याचा सास ऐकू येतो भायेर."

"तुम्हाला कसं माहीत, आजी?" मी विचारले आणि विचारता विचारताच नको होते, असे वाटले.

"धरनाचा पानी चढला तवा आमची वाडी उठली. याच वाटंनी खाली आलो आमी, सगली वाडी. पोर व्हता कडेवर. पानी मागत आलो. हितली दारं लावलेली व्हती." आटगावला गाडी किती वाजता येते, हे सांगावे तशा आवाजात तिने सांगितले. मग सुगंधाबाईंच्या दाराकडे हनुवटीने खूण केली. "ह्यापन."

मी ते फ्रेंचमध्ये सांगितले. सांगताना माझे वाक्य दोनदा तुटले. आनूश जीपकडे गेली, टेपरेकॉर्डर घेऊन आली, फीत मागे नेली आणि थांबवून एक तुकडा लावला. एका म्हाताऱ्या बाईचा कोरडा, वाळक्या शेंगेसारखा वाजणारा आवाज. बोरपाड्याने तो मान तिरपी करून ऐकला. आनूशने भाषांतर सांगितले आणि मी त्याचे भाषांतर केले: "दार बंद होतं. मी त्याला कान लावला. आत कुणीतरी श्वास घेत होतं."

"मला वाटत होते, हे आजीने पदरचे घातले आहे," आनूश म्हणाली.

सुगंधाबाई इतका वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. बुधीने हनुवटीने दाखवलेल्या त्या दाराच्या आत तेव्हा कोण होते, ते कुणी विचारले नाही. पण बुधीचे पोर कडेवर होते तेव्हा सुगंधाबाई या घरात नवी नवरी होत्या, एवढा हिशेब अंगणातल्या प्रत्येकाला येत होता.

"सासूनी हात धरला व्हता माजा," त्या कुणाकडेही न पाहता म्हणाल्या. "विहिरीत पानी नव्हता तवा बी." मग थांबून म्हणाल्या, "ता खरा. पन कडी मीच लावली."

त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला. "अनुसयाबाईला सांगा, मशीन लावा. आन बुधीला फुडं उबी करा."

नानांनी तांब्या उचलून कॅमेऱ्यामागे नेला. बुधी गुडघे आवळत पुढे आली, दारासमोर उभी राहिली. कुणी "सुरू" म्हटल्याचे मला आठवत नाही. दाराची एक फळी आली, मग दुसरी. कडी हातात धरून, बोटांनी आवाज गिळून टाकत लावली गेली. मग काहीच झाले नाही. छत्रीचे कापड वाजले नाही. फळ्यांच्या फटीतून एका बाईचे श्वास घेणे ऐकू येत होते. पाध्यांनी कॅमेरा बंद केला नाही. रीळ संपून त्याचे टोक आत फडफडू लागेपर्यंत ते डोळा लावून उभे होते.

"संपलं," ते म्हणाले.

दार उघडले नाही.

आम्ही थांबलो. बायका अंगणात तशाच उभ्या राहिल्या, नाना तांब्या धरून उभे राहिले. चुलीवरचा चहा उतू जाऊन जळाल्याचा वास आतून आला, तरी कुणी हलले नाही. जावेने मागच्या खिडकीतून हाक मारून पाहिली. पाच दिवस जे दार आम्हाला बंद ठेवता आले नव्हते, ते आता कुणाला उघडता येईना. चाळीस माणसांचा जमाव, एक परदेशी दिग्दर्शिका आणि शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेला एक कंडक्टर एका घराबाहेर उन्हात उभे आहेत, आणि कुणाला काही सुचत नाही. अखेर बुधीच पुढे गेली. तिने दाराला कान लावला.

"सुगंधा," ती फळीला म्हणाली, "रीळ संपला. आता पानी दे."

कडी वाजली, या वेळी चांगली मोठ्याने. सुगंधाबाई दारात आल्या तेव्हा त्यांचे हात रिकामे होते; तांब्या बाहेर नानांकडे होता. नानांनी तो घाईने त्यांच्या हातात दिला. आधी जेव्हा जेव्हा पाणी दिले, तेव्हा सुगंधाबाईंनी इतर बायकांना तांब्या हातात दिला होता आणि बुधीच्या ओंजळीत पाणी वरून ओतले होते. हे माझ्या त्या क्षणी प्रथमच लक्षात आले. पाच दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होते. बुधीने सवयीने ओंजळ पुढे केली. सुगंधाबाईंनी तिची ओंजळ सोडवली आणि तांब्या तिच्या हातात दिला. बुधीने तो तोंडाला लावून सगळा संपवला आणि रिकामा परत केला.

"गूळ?" तिने विचारले.

शाळेत

दोन वर्षांनी आनूशने कॅसेट पाठवली आणि सोबत पत्र. मी पुन्हा आसनगावला उतरून बोरपाड्याला गेले. नवे शतक लागले होते. टँकर मात्र तिसऱ्याच दिवशी येत होता. निघताना आनूशने बायकांना वाटलेल्या जर्दाळूंच्या बिया सुगंधाबाईंनी परसात लावल्या होत्या. त्यातून उगवलेल्या वेलाला सगळ्यांनी निष्ठेने पाणी घातले आणि त्याला कारली लागली. ती भाजी मी जेवले. कडूपणा आतपर्यंत पोहोचणारा, चांगला होता.

दुपारी शाळेत टीव्ही लावला. खिडक्यांतून ऊन येत होते, म्हणून कुणीतरी घरोघर जाऊन काळे झगे गोळा करून आणले आणि खिळ्यांना अडकवले. अंधार झाला. छत्रीच्या कापडाचा तो एवढाच चांगला उपयोग झाला. वीज दोनदा गेली आणि दोन्ही वेळा लोक जागचे हलले नाहीत.

माळ दिसला. आनूशच्या आजीचा आवाज बोलू लागला आणि मी भाषांतर करू लागले. बायका स्वतःला शोधत होत्या. "ती मी. नाय, ती तू." नाना सबंध चित्रपटात पाठमोरेच होते, त्यांचा उजवा खांदा आणि टोपी. "तोंड दाखवलं असतं तर बिघडलं असतं काय?" ते माझ्याकडे वळून कुजबुजले. मी म्हटले, तुमचा चेहरा फार दयाळू आहे, नाना. ते काही वेळ ठरवू शकले नाहीत की हा अपमान आहे की काय.

मग दार आले. फळी आली, दुसरी आली. खोलीत श्वास ऐकू येऊ लागला. पडद्यावरचा की इथला, ते कळेना.

"पायरीवर ओलं काय आहे?" नानांनी विचारले.

दाराखालच्या पायरीवर एक गोल, ओला ठसा होता. तांब्याच्या बुडाचा. तांब्या चौकटीबाहेर नेला होता, पण त्याचा ठसा राहिला होता आणि आमच्यापैकी कुणीही तो पाहिला नव्हता. पत्रात आनूशने त्याबद्दलच लिहिले होते. संकलकाने तिला सांगितले, हा पुसून टाकू, पाणी दिसायला नको, असे तूच म्हणत होतीस. तिने तो राहू दिला. "तांब्या दिसला असता तर ती दया झाली असती," असे तिचे वाक्य होते. "ठसा म्हणजे एवढेच, की पाणी होते. दिले नाही."

मी हे मराठीत सांगितले. पडद्यावर ठसा उन्हाने कडेकडेने आक्रसत होता. सुगंधाबाई सर्वांत पुढे, जमिनीवर, बुधीला खेटून बसल्या होत्या. पदर तोंडाशी धरून त्या आपल्याच दाराकडे बघत होत्या.

"भायेरून असा दिसता व्हय," त्या म्हणाल्या.

"हां," बुधी म्हणाली. "असाच दिसता."